सायकलवरून पडलेले आजोबा

डॉक्टरबाईंनी चष्मेवाल्यांना फक्त एक कागद भरून आणायला सांगितला होता. रक्ताच्या नात्यातली माणसं, त्यांना हृदयाचा काही त्रास होता का, आणि असल्यास कितव्या वर्षी, एवढंच त्यावर लिहायचं होतं. त्या एका कागदापायी पुढच्या चार महिन्यांत चष्मेवाल्यांनी सतरा नातेवाइकांना बूट काढायला लावले, सख्ख्या आत्याला रडवलं, नोंदणी कार्यालयात संशयित ठरले आणि एका विमा एजंटाला त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच गप्प केलं.

चष्मेवाले पन्नास वर्षांचे, अंगाने काडीसारखे. बायकोच्या आग्रहाखातर दोघांनी रक्त तपासून घेतलं, तर यांचं वाईट कोलेस्टेरॉल दोनशे शहात्तर निघालं. ही प्रयोगशाळेची चूक आहे असं त्यांनी आधी ठरवलं. मग, बायकोचा रिपोर्ट चुकून आपल्या नावावर आला असावा, अशी शक्यता त्यांनी अदबीने बोलून दाखवली. बायको त्यांच्यापेक्षा जरा भरलेली होती. त्या शक्यतेचे परिणाम त्यांना दोन दिवस भोगावे लागले.

"हे खाण्यातून आलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घराण्यातून आलेलं दिसतंय."

"आमचं घराणं चांगलं आहे हो," चष्मेवाले दुखावून म्हणाले.

हातात बॅटरी घेऊन डॉक्टरबाईंनी चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळाच्या कडेने एक बारीक राखाडी कडं होतं. ते चष्मेवाल्यांना चांगलंच माहीत होतं. त्यांच्या वडिलांच्या डोळ्यांत तसंच होतं, काकांच्याही. ही आमच्या घराण्याची खूण, असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत.

"म्हातारपणी असं कडं दिसलं तर काही विशेष नाही. पण तरुणपणापासून असेल, तर ती चरबी साठल्याची खूण असू शकते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही डोळ्यांच्याच धंद्यात आहात ना?"

सव्वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेल्या माणसाने स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेतला. तोवर डॉक्टरबाईंनी त्यांना पायमोजे काढायला लावून टाचेमागची शीर चिमटीत धरली. ती बोटाएवढी जाड होती. ही दुसरी खूण. चष्मेवाल्यांच्या घरात कुणालाच मागून बंद असलेला बूट धड बसत नसे, आणि त्याबद्दल तीन पिढ्यांनी बूट बनवणाऱ्यांना नावं ठेवली होती.

आता इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. यकृताच्या पेशींवर बारीक बारीक दारं असतात. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल त्या दारांतून आत ओढलं जातं आणि रक्त साफ राहतं. दारं कशी बनवायची, याची कृती जनुकात लिहिलेली असते. तिची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून. चष्मेवाल्यांच्या एका प्रतीत चूक होती. त्यामुळे त्यांची जवळपास निम्मी दारं जन्मापासून बंद होती. बहुतेक घराण्यांत अशी एकच मोठी चूक नसते. शेकडो बारीकसारीक फरक असतात, प्रत्येकाचा धोका चिमूटभर आणि सगळ्यांचा मिळून मूठभर. इथे मात्र एकाच चुकीने एकहाती कारभार पाहिला होता. आणि ज्याच्याकडे ती चूक आहे, त्याच्या प्रत्येक मुलाकडे ती जाण्याची शक्यता नाणेफेकीइतकी असते.

"मुलं, भावंडं आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मूल नाही. एक धाकटा भाऊ. त्रेचाळीस वर्षांचा. शाळेत व्यायाम शिकवतो. रोज आठ किलोमीटर पळतो."

"पळणं चांगलंच. पण पळून दारं उघडत नाहीत. तुम्हाला आज गोळ्या सुरू करते. त्याला आधी घेऊन या. आणि तो कागद भरा."

चष्मेवाल्यांनी रस्त्यातूनच धाकट्याला फोन लावला.

"दादा, माझी नाडी मिनिटाला चौपन्न आहे," धाकटा म्हणाला. "तुझी किती?"

"ते मोजलं नाही रे."

"मग आधी ते मोज." आणि मैदानावर त्याची शिट्टी वाजली.

कागद भरायचा तो डॉक्टरबाईंसाठी नाही, तर धाकट्याच्या नाकासमोर धरायला, हे चष्मेवाल्यांनी त्याच क्षणी मनाशी ठरवलं. शिट्टी फुंकणारा माणूस पुराव्याशिवाय ऐकत नाही.

पुरावा गोळा करायला बसल्यावर लक्षात आलं, की त्यांच्या घराण्यात आजवर कुणीच हृदयाने मेलेलं नाही. आजोबा चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकलवरून पडून गेले. वडील एकोणपन्नासाव्या वर्षी कोर्टकचेरीच्या मनस्तापाने गेले. काका एक्कावन्नाव्या वर्षी फार कढत पाण्याने आंघोळ केल्यामुळे गेले. सायकल, कोर्ट आणि बंब यांनी मिळून घरातले तीन कर्ते पुरुष नेले होते, आणि त्या तिघांत काही समान धागा असावा असं कुणाला कधी वाटलं नव्हतं.

या सगळ्या नोंदी आत्या सांभाळत. आत्या एकोणसत्तर वर्षांच्या, चार बहिणींत शेंडेफळ. कोण कसं गेलं हे त्या तारीखवार सांगत आणि त्यात कुणी ढवळाढवळ केलेली त्यांना खपत नसे.

"सायकलवरून पडले म्हणजे नक्की काय झालं, आत्या?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"पडले म्हणजे पडले. तुला सायकलवरून पडणं माहीत नाही का? सातवीपर्यंत तू दुसरं काय केलंस?"

मग चष्मेवाले नोंदणी कार्यालयात गेले. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल हवी होती. अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'आजोबा कशाने गेले हे जाणून घेणे.'

खिडकीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं. "इतकी वर्षं काय करत होतात?"

"मधली आठ वर्षं जन्मलो नव्हतो."

"आणि आता अचानक कुणावर संशय आला?"

"संशय म्हणजे, आमच्या रक्तातच काहीतरी आहे असं डॉक्टर म्हणतात."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "घरातल्याच माणसावर संशय असेल तर आधी पोलिसांत जा. त्यांचं पत्र आणा. मग नक्कल."

चष्मेवाल्यांनी त्याला जनुक समजावून सांगायचा प्रयत्न केला. मागच्या रांगेनेही ते ऐकलं आणि त्यातल्या दोघांनी आपापले कोलेस्टेरॉलचे आकडे सांगितले. शेवटी त्या रकान्यातलं वाक्य खोडून 'वैयक्तिक' असं लिहिल्यावर अर्ज स्वीकारला गेला. तीन आठवड्यांनी शिक्क्यासह नक्कल मिळाली. मृत्यूचं कारण या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'निधन'.

तरीही चष्मेवाल्यांनी हार मानली नाही. दृष्टी तपासायच्या एका जुन्या तक्त्याच्या पाठीमागे त्यांनी वंशवृक्ष काढला. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, मेलेल्यांवर तिरकी रेघ, संशयितांना काळा रंग. तो तक्ता बैठकीच्या भिंतीवर लागला आणि इमारतीतली रहदारी वाढली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक लाल पेन घेऊन आले आणि दोन चौकोन काटकोनात नाहीत म्हणून त्यांनी ते सुधारून दिले. जाताना त्यांनी रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या खायचा सल्ला दिला. चष्मेवाल्यांनी तो गोळीसोबत आठवडाभर पाळला, तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं नंबर न सांगताच मान वळवू लागली.

खालच्या मजल्यावरचे विमावाले अकरा वर्षं त्यांच्या मागे होते. तेही आले. "अरे वा, घराचा नकाशा? वाढवताय वाटतं?"

चष्मेवाल्यांनी त्यांना एकेक काळा चौकोन वयासकट समजावून सांगितला. विमावाल्यांनी बॅगेतून अर्धवट बाहेर काढलेला अर्ज हळूच परत आत सरकवला.

"पुढच्या वर्षी बोलू सावकाश," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी मी असलो तर."

"म्हणूनच म्हटलं," असं म्हणून विमावाले गेले. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आले तरी ते आधी वाट देत.

धाकट्यावर मात्र तक्त्याचा काही परिणाम झाला नाही. फोनवर पाठवलेला तक्त्याचा फोटो बघून त्याने उलट विचारलं, "सायकल, कोर्ट आणि बंब. यात माझं कोलेस्टेरॉल कुठे आलं?" बाकी नातेवाइकांनाही रक्त तपासायचं नाव काढलं की कामं आठवत. प्रत्येकाच्या मते दोष दुसऱ्या शाखेत होता.

तेव्हा चष्मेवाल्यांना ती कल्पना सुचली. चष्मेवाल्यालाच सुचावी अशी ती होती. रक्त कुणी देत नाही, पण फुकट चष्मा कोण सोडेल? एका रविवारी त्यांनी सगळ्या नातेवाइकांसाठी दुकानात मोफत नेत्रतपासणी जाहीर केली. डोळ्यांतली कडी आपोआप दिसणारच होती. प्रश्न टाचांचा होता.

"बूट, चपला बाहेर काढा," त्यांनी दारातच सांगितलं.

"डोळे तपासायला बूट कशाला काढायचे?" एका चुलत भावाने विचारलं.

"मशीन नाजूक आहे. धूळ चालत नाही."

"मशीन तर टेबलावर आहे."

"धूळ उडते," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. तो समोरची अक्षरं वाचू लागला की यांच्या हातून एखादा स्क्रू पडे. तो शोधायला ते खुर्चीखाली जात आणि तिथून टाच चिमटीत धरून बघत. पहिल्या नऊ माणसांच्या वेळी नऊ स्क्रू पडले. दहावे आतोबा. खरं तर आतोबा रक्ताच्या नात्यातले नव्हते, पण त्यांना वगळलं असतं तर संशय आला असता. आतोबांना गुदगुल्या फार होतात, हे मात्र घराण्याच्या कुठल्याच नोंदीत नव्हतं. त्यांचा पाय उडाला, काचांचा ट्रे हवेत गेला, आणि दीडशे भिंगं दुकानभर घरंगळली. सतरा माणसं अनवाणी होती, त्यामुळे कुणी जागचं हलेना.

त्याच अवस्थेत धाकटा आत आला. चष्म्याची गरज त्याला नव्हती. पळताना घालायला गॉगल मिळेल म्हणून तो आला होता. चष्मेवाल्यांनी गुडघ्यावर बसल्या बसल्याच वर पाहिलं. खिडकीतून ऊन सरळ धाकट्याच्या डोळ्यांवर येत होतं. इतकी वर्षं समोर असलेलं ते राखाडी कडं त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं. वडिलांच्या डोळ्यांतलंच.

"धाकट्या, तुझी टाच बघू," ते म्हणाले. आणि मग सगळ्यांसमोर त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

पुढचा अर्धा तास कसा गेला ते चष्मेवाले कुणाला सांगत नाहीत. एक चुलत बहीण म्हणाली, "म्हणजे आम्हाला तपासायला बोलावलंत, जनावरांच्या बाजारात दात बघतात तसं." चुलत भाऊ म्हणाला की फसवलंय तर निदान फ्रेम तरी चांगली द्या. धाकट्याने समोरचा गॉगल उचलला, घातला आणि बूट हातात घेऊन तो निघून गेला.

आत्या शेवटपर्यंत बसून होत्या. "माझ्या वडिलांना काहीही झालेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते सायकलवरून पडले. पुन्हा माझ्यासमोर हा विषय काढायचा नाही." त्या डोळ्यांना पदर लावून रिक्षात बसल्या.

नंतरचे दोन आठवडे फोन वाजला नाही. बायकोने भिंतीवरचा तक्ता उतरवला नाही, पण त्याच्याकडे बघणं सोडलं. "तुमचा हेतू चांगला होता हो," ती म्हणाली. "पण माणसाच्या पायाशी जायचं तर सांगून जावं."

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी भर दुपारी, आत्या एकट्याच दुकानात आल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. चष्मेवाल्यांनी पाणी पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"सायकलला एक ओरखडाही नव्हता," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"मी अकरा वर्षांची होते. ते दारात आले. सायकल नीट स्टँडवर लावली, तिला कुलूप घातलं. पायरीवर बसले, म्हणाले, जरा पाणी आण. मी पाणी घेऊन आले तोवर ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. आईने त्याच संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, ते सायकलवरून पडले. चार मुलींची लग्नं व्हायची होती. घराण्यात असला आजार आहे म्हटल्यावर कोण पुढे आलं असतं? मग पडले ते पडले. पुढे तीच सायकल मी सात वर्षं चालवली."

"आणि बाबा?"

"तुझ्या वडिलांच्या छातीत दुखत होतं. मला सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, कोर्टाची दगदग आहे, होईल कमी." आत्यांनी आता पाणी घेतलं. "सवयच लागली होती रे. आईच्या त्या खोट्याने आम्ही चौघी नांदलो. पण दोघं भाऊ त्यात गेले. आता तिसरं कुणी नको. शटर ओढ. धाकट्याच्या शाळेत जायचंय."

धाकटा मैदानावर होता. मुलं फेऱ्या मारत होती, हा मधे शिट्टी घेऊन उभा. आत्यांना भर उन्हात चुन्याच्या रेघा ओलांडत येताना बघून त्याने आधी गॉगल काढला. आत्यांनी आल्या आल्या सगळं सांगितलं, चष्मेवाल्यांना सांगितलं त्याच शब्दांत. मुलं प्रत्येक फेरीला जवळ आली की वेग कमी करत आणि कान देत.

"पण आत्या, मी रोज पळतो," धाकटा म्हणाला. यावेळी आवाजात शिट्टी नव्हती.

"माझे वडील रोज तीस किलोमीटर सायकल मारायचे," आत्या म्हणाल्या. "गावात त्यांच्याइतका काटक माणूस नव्हता. उद्या सकाळी रक्त द्यायचं. उपाशीपोटी. मी येते बरोबर, आणि माझंही देते."

धाकट्याने चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "दादा, तू खरंच खुर्चीखाली जाऊन टाचा बघत होतास?"

"नऊ जणांच्या."

धाकटा हसला, आणि हसता हसता तिथेच गवतावर बसला.

त्याचा आकडा आला तीनशे चार. डॉक्टरबाईंनी त्याला पट्ट्यावर पळवून हृदयाचा आलेख काढायला घेतला. पळण्याच्या परीक्षेत आपण नापास होऊ हे धाकट्याच्या स्वप्नातही नव्हतं. मशीनवर चढताना तो तिथल्या परिचारिकेला म्हणाला, "वेग जरा वाढवला तरी चालेल." सहाव्या मिनिटाला डॉक्टरबाईंनी मशीन बंद केलं. त्याला अजून काहीच जाणवत नव्हतं. आलेखाला मात्र जाणवत होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या दोन रक्तवाहिन्यांत जाळीच्या नळ्या बसल्या. त्यातली एक वाहिनी जवळजवळ बंदच झाली होती.

"कागद वेळेवर भरलात," डॉक्टरबाई चष्मेवाल्यांना म्हणाल्या. एवढंच. चष्मेवाले मान हलवून बाहेर आले, आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन लहान मुलासारखे रडले. मग चष्मा पुसून परत आत गेले.

त्या दिवसापासून चष्मेवाले कृतज्ञतेच्या बाबतीत जरा बेताल झाले. डॉक्टरबाईंना त्यांनी तीन चष्मे दिले, त्यातले दोन विनानंबरी. नोंदणी कार्यालयात जाऊन कारकुनाचे आभार मानले, तेव्हा हा माणूस नवीन काय घेऊन आला म्हणून त्याने आधी खिडकी अर्धी लावून घेतली. आतोबांचे तर त्यांनी खास आभार मानले, कारण भिंगं घरंगळली नसती तर ते खाली गुडघ्यावर नसते, आणि खाली नसते तर त्या उन्हात धाकट्याचे डोळे तसे दिसले नसते. "म्हणजे लाथ मारली ते बरंच झालं," आतोबा म्हणाले, आणि पुढे प्रत्येक घरगुती समारंभात त्यांनी हे वाक्य वापरलं.

सतरापैकी पाच जणांचे आकडे वाढलेले निघाले. आत्यांचाही. पाचही जण आता गोळ्या घेतात. धाकट्याच्या दोन मुलांत नाणं एकदा असं पडलं आणि एकदा तसं. धाकट्या मुलीचा आकडा जास्त आहे. तिच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, आणि डॉक्टरबाई म्हणतात की नियम पाळले तर ती आपल्या आजोबांपेक्षा कितीतरी जास्त जगेल. आत्यांनी स्वतःच्या हाताने तक्त्यावरचा पहिला चौकोन काळा केला. त्यांच्या त्या एका सत्यासाठी चष्मेवाले त्यांच्या पाया पडले, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "टाच बघायची नाही."

मागच्या महिन्यात चष्मेवाल्यांना बावन्न पूर्ण झाली. बायकोने केक आणला, मुख्याध्यापक आले, विमावालेही बऱ्याच दिवसांनी वर आले. सगळे गेल्यावर दोघं भाऊ गच्चीत खुर्च्या टाकून बसले. ऊन उतरलं होतं.

धाकटा मनाशी काहीतरी हिशोब करत होता. "दादा," तो म्हणाला, "आजोबा चव्वेचाळीस, बाबा एकोणपन्नास, काका एक्कावन्न. म्हणजे गेल्या तीन पिढ्यांतला सगळ्यात म्हातारा पुरुष आता तू आहेस."

चष्मेवाल्यांना हे सुचलंच नव्हतं. ते जरा सरळ होऊन बसले.

"आपल्यात साठीचा माणूस दिसतो कसा?" धाकट्याने विचारलं. "टक्कल पडतं का? चिडचिडा होतो का? ऐकू कमी येतं का?"

आठवून बघण्यासारखा एकही चेहरा चष्मेवाल्यांकडे नव्हता.

"काही कल्पना नाही रे," ते म्हणाले. "आपल्यालाच बघावं लागेल."